व्हायरसला व्हायरस होतो म्हणे, मग तो जिवंत की निर्जीव?

चहाबाज:
लेक अकरावी सायन्सला आहे. काल विचारत होती बाबा व्हायरस जिवंत असतो का, मी ठोकून दिलं की नाही, तुमच्याच पुस्तकात सजीवांचं वर्गीकरण आहे ना, व्हिटेकरच्या पाच सृष्टी, त्यांमध्ये त्याला जागा नाहीये. तर म्हणे मग व्हायरसला व्हायरस कसा होतो? शोधलं तर खरंच निघालं, २००८ मध्ये स्पुटनिक नावाचा सापडलाय जो दुसऱ्या मोठ्या व्हायरसची वाट लावतो. जे जिवंतच नाही ते आजारी कसं पडेल राव? जाणकारांनी सांगा, आणि प्लीज आत्मा-परमात्मा नको.

अमीबावाला:
भारी प्रश्न आहे पोरीचा. याचं मूळ मिमिव्हायरसमध्ये आहे, स्पुटनिक ज्या मोठ्या व्हायरसची वाट लावतो तो याच कुळातला. १९९२ ला इंग्लंडात ब्रॅडफर्डला न्यूमोनियाची साथ आली होती म्हणून कूलिंग टॉवरचं पाणी तपासत होते, त्यातल्या अमीबात काहीतरी दिसलं, साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतंय, ग्रॅम स्टेन (बॅक्टेरिया ओळखायचा रंग) पण घेतंय, म्हणजे बॅक्टेरियाच असणार असं धरून चालले. नावपण ठेवलं, ब्रॅडफर्डकॉकस! बॅक्टेरियाचा ठरावीक राइबोसोमवाला (राइबोसोम म्हणजे पेशीतलं प्रोटीन बनवायचं यंत्र) जीन काही केल्या मिळेना, शेवटी फ्रान्समध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली घेतलं तर वीस बाजूंचं कवच, चक्क व्हायरस. २००३ ला जाहीर केलं. जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, जवळपास १२ लाख बेसपेअर (डीएनएच्या अक्षरांच्या जोड्या), मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम या बॅक्टेरियाच्या दुप्पट. आता याला नुसतं केमिकल कसं म्हणायचं?

कडूकारलं:
साइज मोठा म्हणून जिवंत हे काही पटलं नाही. स्वतःचं राइबोसोम नाही, म्हणजे एक साधं प्रोटीनसुद्धा स्वतःच्या जिवावर बनवता येत नाही. १९३५ ला स्टॅन्ली या अमेरिकन शास्त्रज्ञाने तंबाखूच्या व्हायरसचे मिठासारखे स्फटिक करून दाखवले होते, ते परत पानावर चोळले की रोग होतोच. आणि चहाबाज, स्पुटनिक काही त्या मोठ्या व्हायरसच्या कणात घुसत नाही हो. दोघं एकाच अमीबात शिरतात, मोठा तिथे स्वतःच्या कॉपी काढायचा कारखाना उघडतो आणि स्पुटनिक तो कारखाना वापरून घेतो, मग मोठ्याचे कण वेडेवाकडे निघतात. यात आजारी कोण पडलं? जिवंत आहे तो अमीबाच, आणि मरतोही तोच.

अमीबावाला:
अहो पण तो कारखाना चालतो ती पेशी म्हणजेच खरा व्हायरस, फ्रेंच शास्त्रज्ञ पॅट्रिक फोर्टेर नेमकं हेच म्हणतो! बाहेर फिरणारा कण बीजासारखा, बी बघून झाड जिवंत नाही असं कोण म्हणतं? लागण झालेली पेशी हाच त्याचा जिवंत अवतार.

कडूकारलं:
बी स्वतःच्या पेशींनी रुजतं. इथे सगळी यंत्रणा दुसऱ्याची. उद्या तुमच्या घरात भाडेकरू घुसून बसला तर घर त्याचं का?

मधलीसुट्टी:
भांडा भांडा 😄 नासाची व्याख्या बघा, स्वतःला टिकवणारी आणि डार्विनच्या उत्क्रांतीला पात्र असलेली रासायनिक व्यवस्था. यात व्हायरस 'स्वतःला टिकवणारी'वर अडकतो आणि एकटं खेचर उत्क्रांतीवर, कारण त्याला पिल्लंच होत नाहीत. लाथ खाऊन बघा म्हणजे कळेल जिवंत आहे की नाही.

चहाबाज:
😂 बरं कडूकारलं, काय सापडलं तर तुम्ही मान्य कराल ते सांगा, लेक विचारतेय.

कडूकारलं:
स्वतःचं राइबोसोम असलेला व्हायरस. २०१८ ला ब्राझीलमधल्या टुपानव्हायरसची बातमी आली, प्रोटीन बनवायचं बाकी जवळजवळ सगळं सामान त्याच्याकडे आहे. तेवढं राइबोसोम नाही.

अमीबावाला:
सापडेल हो, थांबा जरा.