मदत हवी आहे: तांब्याच्या भांड्यांचं थ्रीडी मॉडेल

नमस्कार मंडळी. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीतून मठारकाम केलेली (हातोडीने ठोके देऊन घडवलेली) घंगाळी, तांबे घेऊन मी ऑनलाइन विकते. फोटोत मापाचा अंदाजच येत नाही. मागच्या महिन्यात एका ताईंनी बादलीएवढं समजून घंगाळ मागवलं, हातात आलं ते चार फुलं तरंगवायचं! परतीचा खर्च माझ्या अंगावर.

म्हणून फिरवून बघता येईल, मोबाइलमधून आपल्याच टेबलावर ठेवता येईल असं मॉडेल हवंय. फोनने स्कॅन केलं, पण तांबं चकाकतं, त्यामुळे घंगाळ वितळलेल्या मेणासारखं दिसायला लागलं. टाल्कम पावडर मारल्यावर आकार बरा आला, पण रंग गेला. शिवाय ठोक्यांत बसलेली पावडर काढताना नाकी नऊ आले.

आता ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करून घ्यावं म्हणते. ठोके खरेच कोरायचे की नॉर्मल मॅपवर (म्हणजे आकार न बदलता नुसता उंचसखलपणाचा भास देणाऱ्या चित्रावर) भागतं? फाइल जड झाली की गिऱ्हाईक थांबत नाही. अँड्रॉइडची जीएलबी आणि आयफोनची यूएसडीझेड अशा दोन्ही थ्रीडी फाइल एकाच मॉडेलमधून नीट निघतात ना? एका भांड्याचे साधारण किती घेतात? फार गुळगुळीत मात्र नको, ते मशीनचं वाटतं.