भेटीला 'शेड्यूल्ड' नको

होऊन गेलेली डॉक्टरांची भेट ऑर्ग-मोडच्या (ईमॅक्स या एडिटरमधली नोंदी आणि कामं ठेवायची सोय) अजेंड्यात, म्हणजे दिवसाच्या यादीत, दुसऱ्या दिवशीही का दिसते, असं तुम्ही विचारलंत. तिला 'शेड्यूल्ड' लावलंय म्हणून. 'शेड्यूल्ड' म्हणजे काम कधी हाती घ्यायचं ते. 'डन' करेपर्यंत ते पुढे पुढे सरकत राहतं. भेटीसाठी टोकदार कंसात (< >) नुसती तारीख-वेळ लिहा, ती त्याच दिवशी दिसेल. चौकोनी कंस केला तर अजेंड्यात येणारच नाही (यात माझी एक भेट हुकली आहे).

'डेडलाइन' मात्र जपून वापरा. ती एरवी १४ दिवस आधीपासून दिसू लागते. सगळ्याच कामांना लावली, तर खरी मुदत त्या गर्दीत हरवते. हे दिवस हव्या त्या नोंदीपुरते कमी करता येतात.