टेकडीच्या पायथ्याची सार्वजनिक बाग : पाणी मुरवणारी रचना प्रत्यक्षात कशी मागावी?

प्रश्न — तळजाई_पायथा

पुण्यातील सहकारनगर परिसरात, तळजाई टेकडीच्या उतारावर, आमच्या वसाहतीलगत सार्वजनिक बागेसाठी राखून ठेवलेली सुमारे २० गुंठ्यांची मोकळी जागा आहे. जागेचा उतार पूर्वेकडे असून पावसाचे पाणी खालच्या अंगाने एका नाल्यात आणि तिथून आंबिल ओढ्याला मिळते. वरच्या भागात वीतभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली खडक लागतो. खालच्या कोपऱ्यात कोणी तरी पूर्वी काळ्या मातीचा आणि राडारोड्याचा भराव टाकलेला आहे. एक जुना उंबर, दोन कडुनिंब आणि बरेचसे गिरीपुष्प व सुबाभूळ एवढी झाडे आज तेथे आहेत.

या जागेसाठी जो आराखडा नागरिकांपुढे ठेवण्यात आला आहे, त्यात १२ गुंठे हिरवळ, मधोमध कारंजे, सर्व वाटांवर सिमेंटच्या पायावर पेव्हर ब्लॉक, कडेने बॉटल पामच्या रांगा, चारही बाजूंनी सहा फुटी भिंत आणि उंच खांबावरचे प्रखर दिवे आहेत. आमच्याकडे उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकर मागवावे लागतात, आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने काय केले हे येथील प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्यामुळे हा आराखडा पाहून मन अस्वस्थ झाले. हरकती व सूचना मांडण्यासाठी थोडा अवधी मिळाला आहे. ‘पर्यावरणपूरक बाग करा’ एवढेच लिहून दिले, तर पेव्हर ब्लॉकचा रंग हिरवा होण्यापलीकडे काही घडणार नाही, अशी भीती वाटते. या विषयातील जाणकारांनी कृपया सांगावे, की आम्ही नेमके काय मागावे, आणि ते कोणत्या शब्दांत मागावे म्हणजे निविदेत उतरेल? बागेत ज्येष्ठ नागरिक आणि लहान मुले मोठ्या संख्येने येणार आहेत, हेही लक्षात घ्यावे.

उत्तर — रचनाकार_कोथरूड

आपण जागेचा उतार आणि माती यांची नोंद प्रश्नातच केली आहे, हे पाहून समाधान वाटले, कारण बहुतेक आराखड्यांत नेमकी हीच माहिती नसते. झाडांची यादी, बाके आणि खेळणी यांचा विचार नंतर करता येतो. पहिली मागणी एकच असावी : जागेच्या पातळ्यांचा नकाशा, म्हणजे कंटूर सर्व्हे, आणि त्यावर पावसाचे पाणी कोठून येते, कोठे थांबते व कोठून बाहेर पडते हे दाखवणारे बाण. हा कागद तयार झाल्याशिवाय आराखड्यावर चर्चा करू नये.

थोडा हिशेब मांडतो. २० गुंठे म्हणजे साधारण २,००० चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी देतो. पुण्याचा वर्षाचा पाऊस सुमारे ७०० मिलिमीटर धरला, तर या जागेवर वर्षाकाठी १४ लाख लिटर पाणी पडते, म्हणजे दहा हजार लिटरचे १४० टँकर. याउलट एप्रिल-मेच्या उन्हात हिरवळीला दर चौरस मीटरला दिवसाला पाच-सहा लिटर पाणी लागते, त्यामुळे १२ गुंठ्यांची हिरवळ रोज सहा-सात हजार लिटर पाणी पिते. पावसाळ्यात १४० टँकर नाल्यात सोडून द्यायचे आणि उन्हाळ्यात टँकर विकत आणायचे, असा हा आराखडा आहे. आपल्या हरकतीच्या अर्जात हे आकडे अवश्य लिहावेत. ते खोडून काढणे कोणालाही अवघड जाईल.

मात्र वर्षाच्या बेरजेपेक्षा एका तासाचा पाऊस रचनाकाराला अधिक विचार करायला लावतो. अलीकडे पुण्यात तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस कोसळणे नवलाचे राहिलेले नाही. तेवढ्या पावसात या जागेवर एक लाख लिटर पाणी पडेल. खालच्या बाजूस ३०० चौरस मीटरचा, सभोवतालच्या जमिनीपेक्षा २० सेंटिमीटर खोल असा वाफा केला, तर त्यात ६० हजार लिटर पाणी उभे राहू शकते. त्याखाली वाळू, माती आणि कंपोस्ट यांच्या मिश्रणाचा दीड-दोन फुटांचा थर दिला, तर मातीच्या पोकळ्यांत आणखी वीस-पंचवीस हजार लिटर सामावते. उरलेल्या पाण्यासाठी वाफ्याच्या नाल्याकडील काठावर दगडी सांडवा ठेवावा, म्हणजे जास्तीचे पाणी ठरलेल्या वाटेनेच नाल्याकडे जाईल. अशा वाफ्याला रेन गार्डन म्हणतात; आपल्या अर्जात ‘खोलगट पर्जन्यवाफा’ असे लिहून शेजारी खोली, क्षेत्रफळ आणि थरांची जाडी आकड्यांत द्यावी.

येथे एक बारकावा सांगितल्याशिवाय राहवत नाही. शहरातील बहुतेक बागांत वाफे वाटेपेक्षा उंच असतात. विटांचा कठडा बांधून त्यात माती भरलेली असते, पावसात माती वाटेवर येते, पाणी गटारात जाते आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाफ्याला नळीने पाणी घातले जाते. वाट उंच आणि वाफा खाली, एवढी एकच अट निविदेत आली तरी निम्मे काम होईल. जेथे कडेला दगड बसवायचेच असतील, तेथे दर दोन मीटरवर फूटभर फट सोडावी आणि फटीखाली पाण्याचा जोर मोडण्यासाठी चार-पाच मोठे गोटे ठेवावेत.

पेव्हर ब्लॉकबद्दल : ब्लॉकखाली काँक्रीट ओतले, की ती वाट पाणी मुरवत नाही, मग वरचा ब्लॉक कितीही सच्छिद्र असो. ब्लॉकखाली खडीचा थर, त्यावर बारीक कच (दगडाचा चुरा) आणि सांध्यांतही कचच भरावी, सिमेंट नव्हे. सांधे मातीने बुजतात, म्हणून वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, ते मोकळे करण्याचे काम देखभालीच्या करारात लिहून घ्यावे. ज्येष्ठांच्या मुख्य फेरीच्या वाटेला मात्र सपाट आणि न घसरणारा पृष्ठभाग द्यावा, तेथे हट्ट करू नये. फक्त तिचा उतार वाफ्याकडे असावा.

बँकॉकमधील चुलालाँगकॉर्न विद्यापीठाचे शताब्दी उद्यान २०१७ मध्ये खुले झाले. थाई भूरचनाकार कोचाकॉर्न व्होराखोम यांनी ते संपूर्ण ११ एकरांचे उद्यान एका बाजूने सुमारे तीन अंशांनी उचलले आहे, म्हणजे प्रत्येक सर खालच्या तळ्याकडे वाहत जाते आणि वाटेत झाडे व पाणथळ वाफे तिला थोपवतात. सपाट शहरात त्यांना उतार बांधावा लागला. आपल्याकडे तो टेकडीने आयता दिलेला आहे, आणि प्रस्तावित आराखडा तोच सपाट करायला निघाला आहे, याचे मला खरोखर वाईट वाटते.

उत्तर — निवृत्त_जलअभियंता

वरील मांडणीशी मी सहमत आहे, पण ‘पाणी मुरवा’ हा सल्ला पुण्यात सरसकट देता येत नाही, एवढे नमूद करतो. आपण बेसाल्टवर बसलेलो आहोत. त्याचा झिजलेला, मुरमाड थर पाणी घेतो, पण अभंग काळा पाषाण जवळजवळ काहीच घेत नाही, आणि दोन्ही थर पन्नास फुटांच्या अंतरात बदलू शकतात. म्हणून पर्जन्यवाफ्याची जागा कागदावर ठरवू नये. जेथे वाफा करायचा आहे, तेथे फूटभर लांबी-रुंदी-खोलीचे तीन-चार खड्डे घ्यावेत, आदल्या दिवशी ते पाण्याने भरून जमीन भिजू द्यावी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून तासाला पातळी किती उतरते ते पट्टीने मोजावे. तासाला इंचभर पाणी उतरले तर उत्तम. अर्ध्या इंचाहून कमी उतरत असेल, तर वाफ्याच्या तळाशी खडीत छिद्रांचा पाइप टाकून तो नाल्याकडे काढावा लागेल. अशा वेळी वाफा पाणी फारसे मुरवणार नाही, पण गाळून आणि उशिरा सोडेल, आणि ओढ्याकाठच्या वस्तीच्या दृष्टीने ते ‘उशिरा’ फार महत्त्वाचे आहे.

काळी माती ओलाव्याने फुगते आणि वाळली की भेगाळते. खालच्या कोपऱ्यातील भरावावर पर्जन्यवाफा करू नये. आधी राडारोडा उचलून मूळ जमीन उघडी करावी. इमारतीच्या पायापासून आणि कोणत्याही जुन्या भिंतीपासून किमान तीन-चार मीटर अंतर राखावे.

डासांची शंका नक्की निघेल. डासाला अंड्यापासून पूर्ण वाढीपर्यंत साधारण आठवडा लागतो. वाफा २४ ते ४८ तासांत कोरडा होईल अशी रचना असेल, तर तेथे पैदास होत नाही. बंद पडलेल्या कारंज्याच्या हौदात मात्र ती हमखास होते.

भिंतीबद्दल मी अधिक काळजीने लिहितो. जून २०१९ मध्ये कोंढव्यात सीमाभिंत कोसळून १५ जणांचा मृत्यू झाला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधील पुरातही अरण्येश्वर भागात भिंत पडून माणसे दगावली. उतारावरची सलग भिंत पाण्याला बांध घालते, तिच्यामागे भिजलेल्या मातीचा दाब वाढत जातो, आणि ती पडते तेव्हा खाली राहणाऱ्यांवर पडते. आपल्या जागेवर उताराला आडवी भिंत नकोच. दगडी जोत्यावर लोखंडी जाळी पुरेशी आहे. जेथे माती अडवण्यासाठी भिंत अटळ असेल, तेथे मागे खडीचा थर व भिंतीत पाणी निघण्याची छिद्रे यांचा तपशील नकाशावर दाखवलेला असल्याशिवाय संमती देऊ नये.

उत्तर — वनस्पती_अभ्यासक

झाडांच्या निवडीबद्दल लिहिते. पर्जन्यवाफ्यात लावायच्या वनस्पतीला आषाढात दोन दिवस पाण्यात उभे राहता आले पाहिजे आणि मार्च ते मे कोरड्या मातीत तग धरता आला पाहिजे. शोभेच्या फार थोड्या रोपांना हे जमते. ओढ्याकाठी स्वभावतः वाढणारी आपली झाडे या कसोटीला उतरतात : कडेने करंज, अर्जुन आणि जांभूळ, मधल्या भागात निर्गुडी, आणि तळाशी वाळ्याचे ठोंब, ज्यांची मुळे खोल जाऊन माती धरून ठेवतात. वरच्या कोरड्या, मुरमाड भागासाठी बहावा, पळस, मेडशिंगी, कुडा, धायटी आणि करवंद घ्यावेत. पहिली दोन-तीन वर्षे पाणी दिले, तर पुढे ही झाडे पुण्याच्या पावसावर जगतात. पळस आणि पांगारा फुलतात तेव्हा, ऐन पानगळीच्या काळात, पक्ष्यांना दुसरे फारसे काही उपलब्ध नसते, हेही निवडीचे एक कारण असू द्यावे.

बॉटल पामची सावली माणसावर फारशी पडत नाही आणि पक्ष्याला घरट्यासाठी त्याचा फारसा उपयोग होत नाही. पामच्या जागी कोनोकार्पस हा परदेशी वृक्ष सुचवला गेला, तर तोही नाकारावा. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. घनदाट मियावाकी लागवडीचा आग्रह धरणारेही भेटतील. एका चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपे कोंबण्याची ती पद्धत जपानच्या ओल्या हवामानात घडली, आणि आपल्या टेकड्यांचा मूळ स्वभाव मोकळ्या, गवताळ, पानझडी रानाचा आहे. २० गुंठ्यांच्या बागेत माणसांनाही वावरायचे आहे. गिरीपुष्प आणि सुबाभूळ एकदम तोडू नयेत. त्यांच्या सावलीत देशी रोपे वाढवून, ती खांद्याएवढी झाली की टप्प्याटप्प्याने आणि वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीनेच जुनी झाडे काढावीत.

उंबराकडे विशेष लक्ष द्यावे. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळतो. आपला उंबर त्या वयाचा असेल, तर हरकतीत त्याचा स्वतंत्र उल्लेख करावा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीसंदर्भात २०१३ साली झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. मोठ्या झाडाला एक मीटरही अपुराच असतो. त्याची अन्न शोषणारी मुळे जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांत, फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. वाटेचा पाया खणताना तीच तुटतात, आणि झाड तीन-चार वर्षांनी वाळले की दोष किडीला दिला जातो. उंबराखाली बसायला जागा हवीच असेल, तर जुन्या पेठांतल्यासारखा पार बांधावा, पण दगड कोरडे रचून, आत मातीची भर न घालता आणि खोडाभोवतीची जमीन उघडी ठेवून. खोडाला मातीने गाडले, तर साल कुजते.

पालापाचोळा जाळू नये, पोत्यांत भरून बाहेरही पाठवू नये. झाडांच्या आळ्यांत तीन इंच थर पसरला, की पाण्याच्या पाळ्या कमी होतात आणि दोन पावसाळ्यांत माती भुसभुशीत होते.

उत्तर — बागसमिती_औंध

तांत्रिक भाग वर उत्तम आला आहे. मी फक्त देखभालीविषयी लिहितो, कारण चांगल्या बागा तेथेच बिघडतात. करारात ‘बाग हिरवी व स्वच्छ ठेवणे’ असे मोघम वाक्य असेल, तर कंत्राटदार पर्जन्यवाफ्यातले वाळ्याचे ठोंब गवत समजून कापतो आणि खोलगट भाग ‘पाणी साचते’ म्हणून मुरूम टाकून भरतो. हे डोळ्यांदेखत झालेले आहे. म्हणून वाफ्याची तळपातळी दाखवणारा एक दगड कायमचा रोवून घ्यावा, मे महिन्यात गाळ काढून ती पातळी पुन्हा मोजली जावी, आणि जी झाडे कापायची नाहीत त्यांची यादी मराठीत माळ्याच्या हाती असावी. पहिल्या तीन उन्हाळ्यांच्या पाण्यासाठी पिण्याचे पाणी न वापरता प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरण्याची अट घालावी.

प्रखर दिव्यांऐवजी कमरेएवढ्या उंचीचे, खाली प्रकाश टाकणारे पिवळसर दिवे वाटांवर मागावेत. स्त्रियांना सुरक्षित वाटण्यासाठी वाट सलग उजळलेली असणे आणि जाळीतून आतले बाहेर दिसणे, या गोष्टी उंच खांबापेक्षा अधिक उपयोगी पडतात. स्वच्छतागृह आराखड्यात दिसत नाही. ज्येष्ठांसाठी ते नसेल, तर बाकी सर्व सोयी निरर्थक आहेत.

निधीचा प्रश्न आला, तर पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात २००६ पासून नागरिकांनी सुचवलेल्या कामांसाठी तरतुदीची सोय आहे. क्षेत्रीय कार्यालयात मुदतीत अर्ज दिल्यास पर्जन्यवाफा आणि राडारोडा उचलणे ही दोन कामे स्वतंत्रपणे सुचवता येतील.

तळजाई_पायथा

सर्वांचे मनापासून आभार. हरकतीचा मसुदा करायला घेतला आहे. हिरवळीबद्दल मात्र वसाहतीत दोन मते आहेत. लहान मुलांना लोळायला थोडी तरी हिरवळ हवी, असे अनेक पालकांचे म्हणणे आहे, आणि ते मला पटते. ती किती ठेवावी?

रचनाकार_कोथरूड

दीड गुंठा पुरे, आणि तीही खालच्या बाजूला, पर्जन्यवाफ्याच्या वरच्या काठाला लागून, जेथे जमिनीत ओल जास्त काळ टिकते. शोभेच्या आयात गवताऐवजी हरळी लावावी. ती उन्हात करपली तरी पहिल्या पावसात पुन्हा फुटते, आणि मुलांच्या पायांखाली तुडवली गेली तरी मरत नाही. एप्रिल-मेमध्ये ती पिवळी पडू द्यावी, असे करारातच लिहून ठेवावे, नाही तर कोणी तरी तक्रार करील आणि टँकर पुन्हा सुरू होईल. मसुदा पाठवण्यापूर्वी जलअभियंत्यांनी सांगितलेली खड्ड्यांची चाचणी करून घ्यावी आणि मोजलेले आकडे, खड्ड्यांच्या जागा दाखवणाऱ्या नकाशासह, अर्जाला जोडावेत.