काकांचे स्वादुपिंड आणि एन्झाइमच्या कॅप्सूल
(कर्वेनगरमधील आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरील बुधवारची चर्चा)

ए-२०३ : सर्वांना नमस्कार. बाबांना रविवारी रात्री जेवणानंतर वरच्या पोटात असह्य कळा सुरू झाल्या. त्या थेट पाठीपर्यंत जात होत्या आणि पुढे वाकून बसले की थोडा आराम पडत होता. आम्ही पित्त समजून अँटासिड दिले व पहाटेपर्यंत थांबलो, याचे आता फार वाईट वाटते. रक्तातील अमायलेज (स्वादुपिंडातून येणारे एक पाचक एन्झाइम) १,१४० निघाले (लॅबची वरची मर्यादा १०० आहे), सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले आणि स्वादुपिंडाला सूज, म्हणजे पॅन्क्रियाटायटिस, असे निदान झाले. आज अमायलेज १८० वर उतरले, तरी डॉक्टर घरी सोडायला तयार नाहीत, ते का हे कळत नाही.

सी-५०१ : काका लवकर बरे होवोत. आमच्या दिरांना याच आजारासाठी जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल दिल्या आहेत. एक पट्टी शिल्लक आहे, संध्याकाळी आणून देते.

बी-१०४ : ताई, तुमची आपुलकी समजते, पण कृपया ती पट्टी देऊ नका. मी ३१ वर्षे पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

स्वादुपिंड रोज साधारण दीड लिटर पाचकरस तयार करते. त्यातील प्रथिने पचवणारी एन्झाइम म्यानातल्या तलवारीसारखी असतात. ट्रिप्सिनोजेन हे निष्क्रिय रूप लहान आतड्याच्या सुरुवातीला पोहोचले की तेथील एन्टेरोकायनेज त्याचा एक लहानसा तुकडा छाटते, त्यातून ट्रिप्सिन तयार होते आणि तेच पुढे बाकीच्यांना जागे करते. काकांच्या बाबतीत खडा बहुधा पित्तनलिकेच्या तोंडाशी येऊन अडला असावा, कारण तेथेच स्वादुपिंडाची नळीही येऊन मिळते. रस बाहेर पडण्याची वाट अडली की स्वादुपिंडाच्या पेशींमध्ये या एन्झाइमच्या पुड्या आणि पेशीतील कचरा विरघळवणाऱ्या पुड्या एकमेकींत मिसळतात, कॅथेप्सिन बी नावाचे एन्झाइम ट्रिप्सिनोजेनला तिथल्या तिथेच जागे करते, आणि आतड्यात अन्नावर चालायचे ते काम स्वतःच्याच पेशींवर सुरू होते. थोडे ट्रिप्सिन चुकून जागे झाले तर त्याला आवरणारे प्रथिन पेशीत असते, पण लोंढा आला की ते अपुरे पडते. हे अवयव स्वतःलाच पचवण्याचे प्रकरण आहे, असे हान्स कियारी यांनी प्रागमध्ये १८९६ सालीच मांडले होते.

मात्र ट्रिप्सिन ही सगळी गोष्ट नव्हे. पेशींना इजा होताच दाहाचे संदेश वेगळ्या मार्गानेही सुटतात आणि पांढऱ्या पेशी धावून येतात. म्हणूनच ट्रिप्सिनला रोखणारी ॲप्रोटिनिनसारखी औषधे देऊनही अपेक्षित गुण आला नाही. लायपेज हे चरबी पचवणारे एन्झाइम आसपासची चरबी फोडते, सुटलेली मेदाम्ले कॅल्शियमला धरून ठेवतात, चरबीवर खडूसारखे पांढरे डाग पडतात आणि रक्तातले कॅल्शियम खाली येते. तुमच्या रिपोर्टमध्ये कॅल्शियमही पाहिले असेल, ते याचसाठी.

ए-२०३ : हो, काल पाहिले होते. पण अमायलेज तर उतरले ना, काकू?

बी-१०४ : अमायलेज काही तासांत चढते आणि ३ ते ५ दिवसांत उतरते, लायपेज आठवडाभर किंवा त्याहून जास्त चढलेले राहू शकते. निदानाला वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त आकडा उपयोगी पडतो, परंतु आजार किती गंभीर आहे ते त्यावरून ठरत नाही. डॉक्टर लघवीचे प्रमाण, श्वास, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी तपासणी) आणि सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारी तपासणी) पाहत असतील, आणि तेच योग्य आहे.

डी-३०२ : काका तर दारूला शिवतही नाहीत, मग हे कसे झाले?

बी-१०४ : दारू हे एक कारण झाले, खडे हे त्याइतकेच मोठे कारण आहे. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातील एक प्रकारची चरबी, १,००० च्या वर गेल्यानेही हा आजार होतो. अशा एका रुग्णाचे रक्त मी सेंट्रिफ्यूजमधून काढले, तेव्हा एरवी पिवळसर पारदर्शक दिसणारा सीरम (रक्तपेशी खाली बसल्यावर वर उरणारा द्रव) दुधासारखा पांढराशुभ्र होता आणि नळीच्या पलीकडची रेघही दिसत नव्हती. अशा नमुन्यात अमायलेज खोटेच नॉर्मल येऊ शकते, म्हणून मी डॉक्टरांना लगेच फोन केला होता. ते दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे.

सी-५०१ : मग आमच्या दिरांच्या कॅप्सूल कशासाठी?

बी-१०४ : त्यांचा दाह जुनाट असणार. वर्षानुवर्षांच्या दाहाने ग्रंथी आकसते, एन्झाइम पुरेसे बनत नाहीत, आणि जेवणातले तेल-तूप न पचता शौचातून जाते. ती उणीव कॅप्सूल जेवणाबरोबर आतड्यात भरून काढते. सुजलेल्या ग्रंथीवर तो उपाय नाही. शिवाय त्या डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवतात, त्यामुळे शाकाहारी घरात न सांगता देणे मला बरोबर वाटत नाही.

सी-५०१ : हे माहीत नव्हते. पट्टी देत नाही.

ए-२०३ : आत्ताच राउंड झाला. लघवी व क्रिएटिनिन ठीक आहे, सीआरपी उतरतो आहे आणि दुपारपासून मऊ भात सुरू केला आहे. खडे पुन्हा अडू नयेत म्हणून याच मुक्कामात पित्ताशय काढायचे ठरले आहे. शुक्रवारी सकाळी ऑपरेशन आहे. आईसोबत थांबायला कोणी येऊ शकेल का?

सी-५०१ : मी सात वाजता येते.