मदत हवी आहे: सोन्याचा मुलामा दिलेला निकॉन एफए, क्रमांकाच्या शेवटी ७८६. किंमत कशी ठरवावी?

नमस्कार.

माझ्या काकांचा निपाणीत फोटो स्टुडिओ होता. त्यांच्या पश्चात कपाटातून जे कॅमेरे निघाले त्यांत एक निकॉन एफए आहे, आणि तो नेहमीचा काळा किंवा चंदेरी नसून १९८४ साली कंपनीने सोन्याचा मुलामा देऊन काढलेल्या मर्यादित आवृत्तीतला आहे. त्याच्या क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे ७८६ आहेत. या तीन आकड्यांवरून आमच्या घरात आणि घराबाहेरही त्याच्या किमतीविषयी इतकी टोकाची मते पडली आहेत की कोणताही निर्णय घेण्यापूर्वी या विषयातल्या जाणकारांना विचारावे असे मला वाटले. संग्राहकांच्या बाजारात अशा क्रमांकाला खरोखर वेगळा भाव मिळतो का, आणि मिळत असेल तर तो कोणाकडून व कशाच्या आधारावर, एवढे मला समजून घ्यायचे आहे. पूर्ण क्रमांक मी मुद्दाम देत नाही. तो उघड झाला की त्यावर खोटी कागदपत्रे तयार होऊ शकतात, असे मला सांगण्यात आले आहे आणि ते मला पटते.

आधी कॅमेऱ्याविषयी. एफए १९८३ साली बाजारात आला. चौकटीचे पाच भाग पाडून प्रत्येक भागातला उजेड वेगळा मोजणारा आणि त्यावरून एक्स्पोजर ठरवणारा तो पहिला कॅमेरा. ही पद्धत पुढे मॅट्रिक्स मीटरिंग या नावाने सगळीकडे रूढ झाली. १९८४ साली जपानमध्ये ‘कॅमेरा ग्रां प्री’ हा पुरस्कार प्रथमच दिला गेला आणि तो एफएला मिळाला. त्याच्या स्मरणार्थ निकॉनने या सोनेरी आवृत्तीचे २००० नग काढले. बॉडी आणि ५० एमएम लेन्स या दोन्हींच्या धातूवर २४ कॅरेटचा मुलामा आहे आणि हातात धरण्याच्या जागी सरड्याच्या कातडीच्या पोताचे चामडे आहे. काकांना हा कॅमेरा व्यापारी जहाजावर नोकरी करणाऱ्या त्यांच्या एका मित्राने जपानहून आणून दिला होता. लाकडी पेटी आहे, मात्र वॉरंटी कार्ड अजून सापडलेले नाही.

आता त्याची अवस्था. काकांनी या कॅमेऱ्याने लग्नाचे काम कधीच केले नाही; ते सगळे काम त्यांच्या काळ्या एफएम२ या निकॉनच्याच दुसऱ्या कॅमेऱ्यावर होत असे. त्यामुळे मुलामा जवळजवळ जसाच्या तसा आहे, फक्त रोल पुढे ओढण्याच्या खटक्याच्या टोकाशी तो किंचित फिका पडला आहे. मागचे झाकण उघडले की कडेच्या खाचेतला काळा फोम बोटाला डांबरासारखा चिकटतो. लेन्समधून टॉर्चचा उजेड पाडून पाहिले असता आतल्या काचेच्या कडेला बुरशीचे दोन बारीक तंतू दिसतात. आमच्या भागात हे होणारच. कॅमेरा काही वर्षे खानापूरला आत्याकडे होता, आणि तिकडच्या पावसाळ्यात कपाटातल्या रेशमी साड्यांनाही बुरशी धरते. बॅटऱ्या नव्या घातल्यावर मीटर चालते. बॅटऱ्या काढल्यावरही १/२५० या एका यांत्रिक वेगावर शटर उघडते, ते मी स्वतः पाहिले आहे. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. दर खंडेनवमीला काका स्टुडिओतली सगळी हत्यारे मांडून त्यांची पूजा करीत आणि हा कॅमेरा मधोमध असे. पुढच्या बाजूला कोरलेल्या अक्षरांच्या खाचांत त्या हळदकुंकवाचे कण अजून बसलेले आहेत.

थोरल्या चुलतभावाचे, म्हणजे दादाचे, म्हणणे असे की हा कॅमेरा घरात आल्यापासून स्टुडिओची भरभराट झाली, तंबाखूच्या व्यापाऱ्यांच्या घरची लग्ने आपल्याकडे येऊ लागली, तेव्हा हा क्रमांक घराबाहेर जाता कामा नये. दादाच्या ओळखीच्या एका अंकज्योतिषाने ७, ८ आणि ६ यांची बेरीज २१ आणि त्यावरून ३ काढून, ३ हा गुरूचा अंक असल्याने तो विद्येच्या आणि कलेच्या व्यवसायाला पोषक आहे, असे सांगितले. गडहिंग्लजला दिलेल्या चुलतबहिणीला मात्र तो विकून दोघे भाऊ आणि ती अशा तिघांत रक्कम वाटून घ्यावी असे वाटते. काकूंनी निर्णय मुलांवर सोपवला आहे आणि कागदपत्रांचे काम माझ्याकडे आले आहे.

बाहेरून आलेली मागणी याहून गुंतागुंतीची आहे. हुबळीच्या एका गृहस्थांनी कॅमेऱ्याची एक रक्कम आणि ‘नंबरची’ म्हणून जवळपास तेवढीच दुसरी रक्कम देऊ केली. त्यांना रोल कोणता लागतो हेही ठाऊक नव्हते. त्यांनी पेटी उघडायलाही सांगितले नाही, फक्त क्रमांकाचा फोटो मागितला. दुसऱ्या एकाने फोनवरून त्याहून मोठा आकडा सांगितला, परंतु आधी ‘नोंदणी शुल्क’ भरण्याची अट घातली. ते मी तिथेच थांबवले. जुन्या नोटा आणि नाणी विकत घेण्याच्या नावाखाली शुल्क, कमिशन किंवा कर आगाऊ मागणाऱ्यांपासून सावध राहावे, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीरपणे कळवले होते, आणि ७८६ च्या नोटांच्या जाहिरातींची भाषा नेमकी अशीच असते. शहापूरच्या आमच्या ओळखीच्या सराफांनी कॅमेरा भिंगाखाली पाहून, कसोटीवर घासून तो खराब करण्याचे साफ नाकारले आणि मुलाम्यात मोडीला देण्याइतके सोने नसते हे स्पष्ट सांगितले. त्यांचा मी मनापासून आदर करते.

७८६ या आकड्याविषयी कोणाच्याही श्रद्धेला धक्का लागावा अशी माझी इच्छा नाही. बिस्मिल्लाहच्या अक्षरांच्या अंकमूल्यांची बेरीज म्हणून अनेक मुस्लिम घरांत तो पवित्र मानला जातो. काकांच्या कॅमेऱ्यांची दुरुस्ती ज्यांनी जन्मभर केली त्या चाचांनी हा क्रमांक पाहिला तेव्हा कॅमेरा दोन्ही हातांत घेऊन डोळ्यांना लावला होता. किंमत विचारल्यावर मात्र त्यांनी फक्त शटर, लेन्स आणि पेटी यांविषयीच सांगितले.

मी जे वाचले आहे त्यावरून माझे मत असे बनले आहे की आकड्याची शुभाशुभता आणि संग्राहकाच्या दृष्टीने क्रमांकाचे मोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे त्यांची सर्रास गल्लत होते. जगातला आजवरचा सर्वांत महाग विकला गेलेला कॅमेरा म्हणजे लायका या जर्मन कंपनीच्या चाचणी मालिकेतला १९२३ च्या सुमाराचा क्रमांक १०५. तो २०२२ साली लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. त्याच मालिकेतला क्रमांक १२२ हा २०१८ साली व्हिएन्नात २४ लाख युरोंना विकला गेला होता. १०५ मध्ये १२२ पेक्षा अधिक शुभ असे काही नाही. तो लायकाचे जनक ऑस्कर बार्नाक यांचा स्वतःचा कॅमेरा होता आणि त्यावर त्यांचे नाव कोरलेले आहे, एवढ्याने किंमत सहापट झाली. तिथे क्रमांक ओळख पटवण्याचे काम करतो. हाच तो कॅमेरा, हे त्यावरून सिद्ध होते.

श्रद्धेचा आणि मर्यादित आवृत्त्यांचा काहीच संबंध नाही असेही मी म्हणणार नाही. निकॉननेच चिनी पंचांगातल्या १९९४ या श्वान वर्षासाठी टायटॅनियमच्या एफएम२/टी ची ३०० नगांची आवृत्ती काढली, आणि २००० या ड्रॅगन वर्षासाठी एफएम२ ची २००० नगांची. चिनी गिऱ्हाइकाला ८ हा आकडा किती प्रिय आहे हे बीजिंग ऑलिंपिकचा उद्घाटन सोहळा ८ ऑगस्ट २००८ रोजी रात्री ८ वाजता सुरू झाला यावरून सर्वांनाच ठाऊक आहे. उलट जपानमध्ये आणि चीनमध्ये ४ अशुभ मानतात. कॅननच्या पॉवरशॉट मालिकेत जी३ नंतर एकदम जी५ आला. तरीही निकॉनने १९८८ मध्ये एफ४ आणि २०१२ मध्ये डी४ काढले आणि वृत्तछायाचित्रकारांनी ते वर्षानुवर्षे वापरले. म्हणजे ज्याची श्रद्धा आहे असाच ग्राहक समोर आला तर आकड्याचे पैसे मिळतात, एरवी मिळत नाहीत. गाडीच्या नंबरचे वेगळे आहे: आमच्या भागातल्या केए-२२ किंवा केए-२३ च्या पाटीवर हवा तो आकडा मिळावा म्हणून जादा पैसे मोजणारे शेकडो लोक असतात, त्यामुळे तिथे स्पर्धा होते. सोनेरी एफए घेऊ इच्छिणारा आणि शिवाय ७८६ मानणारा माणूस किती ठिकाणी सापडेल?

केवळ खास चिन्ह असणे म्हणजे दुर्मीळ असणे नव्हे, हे काकांच्याच कपाटात दिसते. तिथे मॉस्को ऑलिंपिकचे चिन्ह असलेला एक झेनिट-ई हा सोव्हिएत कॅमेरा आहे. दादा त्यालाही मर्यादित आवृत्ती समजतो, परंतु झेनिट-ई तीस लाखांहून अधिक निघाले आणि ऑलिंपिकचे चिन्ह असलेलेही भरपूर आहेत.

तेव्हा माझे प्रश्न असे आहेत. वॉरंटी कार्ड नसल्याने सोनेरी एफएच्या किमतीत किती फरक पडतो? बुरशी आणि फोम विक्रीपूर्वी दुरुस्त करून घ्यावेत की आहे तसेच ठेवावेत? हळदकुंकवाचे कण काढावेत का? आणि तो परदेशातल्या लिलावाला पाठवायचा झाल्यास पुरावस्तूंच्या कायद्याची अडचण येईल, असे एका वकिलांनी सुचवले, त्यात तथ्य आहे का?

प्रतिसाद, कोल्हापूरहून:

ताई, आपण विषय नीट मांडला आहे. मी निकॉनचे जुने कॅमेरे जमवतो, त्या अनुभवावरून लिहितो.

कायद्याची भीती बाळगू नये. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात साधारणपणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तू येतात. १९८४ चा कॅमेरा त्यात बसत नाही. स्टुडिओत जुना लाकडी उभा कॅमेरा असेल तर मात्र त्याचे वय आधी तपासून घ्या.

संग्राहक क्रमांकाकडे पाहतो ते तीन कारणांनी: तो मालिकेतला अगदी पहिला किंवा शेवटचा आहे का, पेटीवरचा आणि कार्डावरचा क्रमांक बॉडीवरच्या क्रमांकाशी जुळतो का, आणि त्या क्रमांकाला एखाद्या व्यक्तीचा लेखी इतिहास आहे का. ७८६ यांपैकी कशातच बसत नाही. परंतु काकांच्या मित्राचे एखादे पत्र, पावती किंवा त्या काळचा काकांच्या हातात कॅमेरा असलेला फोटो मिळाला तर तो जपून ठेवा. त्याचा उपयोग आकड्यापेक्षा जास्त होईल. कार्डही शोधत राहा. स्टुडिओच्या जुन्या बिलबुकांत आणि निगेटिव्हच्या डब्यांत अशा वस्तू निघतात.

किंमत पाहताना संकेतस्थळांवर मागितलेली रक्कम पाहू नका, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या नगांचीच पाहा. दोहोंत फार अंतर असते. शंका घेणारा ग्राहकही भेटेल, कारण सोनेरी कॅमेऱ्यांत बनवाबनवी खूप चालते: १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकची खूण असलेले सोनेरी ‘लायका’ म्हणून जे फिरतात ते बहुधा सोव्हिएत फेड किंवा झोर्की असतात. लेन्स काढून आत पाहिले की कळते. खऱ्या लायकात अंतर जुळवणाऱ्या यंत्रणेच्या (रेंजफाइंडरच्या) दांड्याला गोल चाक असते आणि नकलेत पाचरीसारखा तुकडा. एफएच्या बाबतीत साध्या नगाला नंतर मुलामा दिल्याची शंका येऊ शकते, म्हणून लेन्स, बॉडी आणि पेटी यांचे एकत्र फोटो काढून ठेवा.

फोम बदलून घ्या, तो आतल्या आरशावर आणि पडद्यावर झडतो. बुरशी काढणेही योग्य, मात्र लेन्स उघडणाऱ्याने सोनेरी कड्यांवर पकड लावता कामा नये. एक ओरखडा बुरशीपेक्षा महाग पडतो. पॉलिश अजिबात नको, मुलामा कापडानेही झिजतो. कुंकवाचे कण कोरड्या मऊ ब्रशने जेवढे निघतील तेवढेच काढा. चामड्याला पाणी लावू नका. पावसाळा संपेपर्यंत कॅमेरा लाकडी पेटीत ठेवू नका, हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा.

हुबळीच्या गृहस्थांविषयी एवढेच सांगेन की त्यांची श्रद्धा खरी असेल आणि रक्कम ते समोर बसून बँकेतून देणार असतील, तर तो व्यवहार प्रामाणिक आहे. आकड्याने अमुक लाभ होईल असे आपल्या बाजूने मात्र कोणीही त्यांना सांगू नये.

धागाकर्तीचे उत्तर:

आपले मनापासून आभार. शेवटचा मुद्दा मी दादाला वाचून दाखवला आणि तो त्याला पटला. तिघांच्या सह्यांचे संमतिपत्र करून घेतल्याशिवाय कोणालाही होकार द्यायचा नाही, आणि दादाला कॅमेरा घरातच ठेवायचा असेल तर विकल्या गेलेल्या नगांच्या किमतीवरून बहिणीचा आणि धाकट्या भावाचा वाटा त्याने द्यायचा, असे आमचे ठरत आले आहे. आकड्याची वेगळी रक्कम त्या हिशेबात धरायची नाही, हे दादानेच सुचवले.

चाचा आता थकले आहेत आणि एफएमधली इलेक्ट्रॉनिक पट्टी त्यांनी पूर्वीही कधी उघडली नव्हती. पुण्यात, मुंबईत किंवा गोव्यात सोनेरी भागाला धक्का न लावता लेन्स स्वच्छ करून फोम बदलून देणारे भरवशाचे कारागीर कोणाच्या माहितीत असतील, तर कृपया मला व्यक्तिगत निरोपातून कळवावे. कॅमेरा कुरिअरने न पाठवता मी स्वतः घेऊन जाईन.