मदत हवी आहे: पावसात चढाला जिप्सी मिसिंग मारते, दोन्ही कॉइल बदलू का?

वाडीची_गाडी (सातारा)

नमस्कार मंडळी. गाडी २००४ ची जिप्सी, १३०० सीसी, एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवाली). बामणोलीच्या बाजूला, शिवसागर जलाशयाच्या काठी आमचं गाव आहे. पावसाळ्यात वाडीवरून कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर चिखलातून हीच गाडी वर येते. त्यामुळे विकून टाका असं कृपया सांगू नका, मला ती भरवशाची करायची आहे.

कोरड्या हवेत सपाटीला काही त्रास नाही. पाऊस लागला आणि यवतेश्वरचा घाट चढायला घेतला की तिसऱ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबताच झटके देते, म्हणजे मिसिंग होतं. दुसऱ्यात टाकली की जरा सुधारते. मागून कच्च्या पेट्रोलचा वास येतो आणि चेक इंजिनचा दिवा मधूनच लागतो. एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर नवे आहेत. प्लग काढून पाहिले: एक आणि चार नंबरचे काळे, ओलसर, दोन आणि तीनचे छान तपकिरी. एक नंबरच्या खड्ड्यात थोडं ऑइलही होतं.

एक मिस्त्री म्हणतात पेट्रोल पंप गेला, दुसरे म्हणतात दोन्ही कॉइल (प्लगला ठिणगीसाठी करंट देणारा भाग) टाका. कॉइल स्वस्त नाहीत. खात्री कशी करायची?

शिराळकर

दादा, पंप डोक्यातून काढा. पेट्रोल कमी पडलं असतं तर चारही सिलिंडरला पडलं असतं, आणि प्लग काळे-ओले झाले नसते.

या इंजिनाला डिस्ट्रिब्युटर (एका कॉइलचा करंट पाळीपाळीने सगळ्या प्लगना वाटणारा भाग) नाही. दोन कॉइल असतात, एक १-४ ला, दुसरी २-३ ला. कॉइल एका प्लगवर थेट बसते, जोडीदार प्लगला वायर जाते. दोन्हीकडे ठिणगी एकाच क्षणी पडते. एकीकडे मिश्रण पेटतं, दुसरीकडे एक्झॉस्ट चालू असल्याने ती वाया जाते. म्हणून बिघाड जोडीने दिसतो, आणि तुमचे प्लग नेमकं तेच सांगताहेत. नुसती वायर बॉडीला करंट मारत असती तर बहुतेक त्या वायरचा एकच प्लग काळा झाला असता. दोन्ही सारखेच काळे आहेत, म्हणून माझा संशय कॉइलवर. चढाला लोड आला की सिलिंडरमधला दाब वाढतो, तेव्हा ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि दमलेली कॉइल तिथेच हात टेकते.

तरी विकत घेण्याआधी एक करा. इंजिन पूर्ण गार होऊ द्या, प्लगच्या खड्ड्यातली माती हवेने उडवा, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये जाईल. दोन्ही कॉइलवरचा पार्ट नंबर एकच आहे ना बघा आणि त्यांची अदलाबदल करा. कनेक्टर, वायरी आपापल्या जागीच ठेवा. १ आणि ४ चे प्लग पुसून घ्या, मग घाट चढवा. मिसिंग २-३ वर गेलं तर कॉइलच. १-४ वरच राहिलं तर वायर, प्लग नाहीतर कनेक्टर. वायर सुटी ठेवून स्टार्टर मात्र मारू नका, करंट कुठेतरी वाट काढतो आणि चांगली कॉइलही जाते.

ऑइलचं आधी बघा. टॅपेट कव्हरचं (इंजिनावरच्या झाकणाचं) पॅकिंग आणि प्लगच्या नळीची सील बदला. ऑइलने कॉइलचा रबरी बूट फुगतो, मऊ पडतो. सील तशीच ठेवून नवी कॉइल बसवणं म्हणजे पैसे पाण्यात.

कराड_४बाय४

शिराळकरांशी सहमत. ओढ्यातून गाडी जात असेल तर कनेक्टरच्या पिनांवर हिरवा गंज आहे का तेही बघा. आणि मिसिंग चालू असताना गाडी फार ओढू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा भाग) जाळतं.

वाडीची_गाडी

अदलाबदल केली. कालच्या पावसात घाट चढवला, आता २ आणि ३ चे प्लग काळे आहेत, १-४ साफ. म्हणजे कॉइलच. उजेडात धरून पाहिली तर तिच्या अंगावर केसासारखी चीर आहे, पाणी तिथूनच शिरत असणार. शिराळकर, मनापासून आभार. सील आणि पॅकिंग आणलं आहे. आता एकच कॉइल घेऊ की दोन्ही?

शिराळकर

आज एक ओरिजिनल घ्या, चारही प्लग नवे टाका. दुसरी कॉइलही तेवढ्याच वयाची आहे, म्हणून जमेल तेव्हा तीही बदला, पण काढलेली ती चालू कॉइल फेकू नका. प्लग पान्यासोबत सीटखाली ठेवा. बामणोलीच्या रस्त्यावर रात्री पेशंट गाडीत असताना दुकान सापडणार नाही, हातातली कॉइल मात्र लगेच बदलता येईल.