ओल्या कचऱ्याचं डिझेल होत नाही हो!

खडूस_कोथरूडकर:
'स्वयंपाकघरातला कचरा द्या, गाडीला डिझेल घ्या, प्रदूषण शून्य' हा परवाचा धागा वाचून डोकं फिरलं. बटाट्याच्या साली आणि शिळ्या भाताचा बायोगॅस होतो. बायोडिझेल होतं ते तेला-चरबीचं. आणि आमच्या चौघांच्या घरात महिन्याला उरतं वाटीभर तेल. ती वाटी न्यायला येणार डिझेलवरचा टेम्पो! शिवाय 100 किलो तेलाचं बायोडिझेल करायला 10-11 किलो मिथेनॉल (एक प्रकारचं अल्कोहोल) लागतं, तेही बहुतांश आयात केलेलं, नैसर्गिक वायूपासून बनवलेलं. म्हणे शून्य!

चेंबरवाली:
वाटीभर तेल ओतता कुठे? सिंकमध्येच ना? गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीचं चेंबर तुंबलं. झाकण उघडलं तर आत गोठलेल्या तेलाचा साबणवडीसारखा पांढरा थर, हातभर जाड. माणूस पहारीने फोडत होता आणि वर उभे आम्ही नाकाला रुमाल लावून. तेव्हापासून वापरलेल्या तेलासाठी गेटजवळ ड्रम ठेवलाय. भरला की फोन करतो, टेम्पो रोज येत नाही. शून्य नसेल, पण खनिज डिझेलपेक्षा धूर आणि कार्बन मोनॉक्साइड कमीच.

खडूस_कोथरूडकर:
आणि धुरातले नायट्रोजन ऑक्साइड? तेही प्रदूषणच, आणि ते किंचित वाढतातच. ते नाही सांगणार कोणी.

जिरायती:
बायोडिझेल म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. 2003 च्या सुमारास नियोजन आयोगापासून सगळे 'मोगली एरंड (जट्रोफा) लावा, बियांच्या तेलाने पडीक रानात डिझेल पिकवा' म्हणत होते. वडिलांनी लावला. बिया पोत्यात पडून राहिल्या, गिऱ्हाईक फिरकलं नाही. शेळ्यासुद्धा तोंड लावत नाहीत त्याला!

चेंबरवाली:
दादा, इथे कढईचं चाललंय, रानाचं नाही.

जिरायती:
रान आमचं गेलं, म्हणून तुम्हाला कढई सुचली.

फरसाणवाला_पम्या:
दुकानदार म्हणून सांगतो, घरचं तेल सोडा, खरा माल आमच्याकडे. 2018 पासून नियम आहे, तेलातले ध्रुवीय घटक (तेल पुन्हापुन्हा तापवलं की वाढतात ते) 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तळणीला चालत नाही. तळणीला दिवसाला 50 लिटरच्या वर तेल लागत असेल तर तेलाची नोंदवही ठेवावी लागते. पण संध्याकाळी भजीचा हातगाडीवाला येतो, रोख मोजतो, काळं तेल उचलतो. त्याच तेलात दुसऱ्या दिवशी भजी. ते तेल इंजिनात गेलं तर निदान कुणाच्या पोटात तरी जाणार नाही.

खडूस_कोथरूडकर:
म्हणजे तुम्हीही विकत होतात?

फरसाणवाला_पम्या:
होतो. आता नाही. तुम्ही चकलीचं तेल गाळून महिनाभर फोडणीला वापरता, ते नाही का सांगत?

खडूस_कोथरूडकर:
आमच्या सासूबाईंवर जाऊ नका. स्टीलचा डबा, मलमलचं फडकं, एकदाच तळलेलं तेल. तुमच्या काळ्या कढईशी तुलना?

चेंबरवाली:
एकदाच? दिवाळीत चकली, मग शेव, मग करंज्या, त्याच तेलात! माझी आईही तेच करते. सांगायला गेलं की 'तुम्हाला तेलाची किंमत नाही' म्हणते.

जिरायती:
बरोबरच म्हणते माउली. निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं देशात.

खडूस_कोथरूडकर:
आणि म्हणूनच जपून! युरोपात वापरलेल्या तेलाला ताज्या पामतेलापेक्षा चढा भाव आला, तेव्हा ताजंच तेल 'वापरलेलं' म्हणून खपवल्याचा संशय आला. जंगल तोडून पिकवलेलं तेल, वर हिरवा शिक्का!

फरसाणवाला_पम्या:
म्हणून तर नोंदवही लागते, साहेब.

खडूस_कोथरूडकर:
बरं बाबा, हॉटेलांचं तेल गोळा करा, मान्य. चेंबरचं तर दुप्पट मान्य, आमचंही तुंबतं. पण 'कचऱ्याचं डिझेल' म्हणणाऱ्याला मी सोडणार नाही. तेलाचं म्हणा.

चेंबरवाली:
उपकार झाले. वाटी कधी आणताय?

खडूस_कोथरूडकर:
सासूबाई देतील तेव्हा.

जिरायती:
तुमचं मिटलं. माझ्या एरंडाचं काय?